राबाच्या धुरातलं खोकं

यंदाही राब भाजायला लागले. सकाळी दार उघडलं तर समोरचा डोंगर गायब. माळशेजचा रस्ता आहे की कुणी गुंडाळून नेलाय, तेही कळेना. वैशाखऱ्याकडून येणारी एसटी धुरातून अशी बाहेर आली, जणू ढगातून देव उतरतोय. फक्त देवाच्या कपाळावर 'मुरबाड' लिहिलेलं होतं.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. भाताचं रोप जिथे पेरायचं त्या तुकड्यावर शेण पसरायचं, वर ऐनाचे टाहाळे, वर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर देऊन पेटवायचं. ते भडकत नाही, धुमसतं. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमाने येतं. आणि फाल्गुन-चैत्रात दीड-दोन महिने आमच्या गावात माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून नाही, खोकल्यावरून ओळखतात. आमचा पोलीस पाटील तीन सुरांत खोकतो. त्याच्या खोकल्यावर लोक घड्याळ लावतात.

या दिवसांत मी दर आठ दिवसांनी खोकं उघडतो. मधल्या खोलीत, टीव्हीखालच्या फळीवर ते कॉम्प्युटरचं खोकं बसलेलं असतं. दोन स्क्रू काढायचे, झाकण बाजूला करायचं आणि दाढीच्या जुन्या ब्रशने पंख्याची पाती पुसायची. ब्रश काळा होतो. ऐनाच्या पानांची राख कुठवर जाते बघा. जावयाने सांगितलं होतं, "मामा, धूळ ही मशीनची मरणवाट." मी म्हटलं, धूळ कुठली, हे तर शेत आहे, पावसाळ्यात यातून रोप वर आलं तर लावायला, आवणीला बोलवीन.

असं मी म्हटलं होतं. गेल्या वर्षी, याच धुरात. तेव्हा घरात हसायला माणूस होतं.

मी तीस वर्षं लग्नाच्या शूटिंगचा धंदा केला. शहापूर ते मुरबाड या पट्ट्यात असा नवरा सापडायचा नाही, ज्याच्या डोळ्यांत माझा हॅलोजन गेला नाही. काहीजण तेव्हापासून चष्मा लावतात आणि बायकोला दोष देतात. किती लग्नं केली असं कुणी विचारलं तर मी हजार सांगायचो. चहा चांगला असेल तर दीड हजार.

माझी बायको भिमा धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लावतो तो भटजी, पण लग्न लागलं असं बायका धरतात ते धवलारणीने धवळा म्हटल्यावर. हळदीपासून वरात निघेपर्यंत एकेका विधीला तिचं एकेक गाणं असतं. ते कुठे लिहिलेलं नसतं. तिच्या आत्याने तिला दिलं, आत्याला कुणी दिलं ते आत्यालाच ठाऊक. भिमाने उजवा हात कानावर ठेवून धवळा सुरू केला की शेजारच्या गावातलं वऱ्हाड आपला मांडव चुकला असं समजून आमच्याकडे जेवून जायचं. हे मी वाढवून सांगत असेन, पण फार नाही.

त्याच गळ्यात गाठ निघाली. मिश्री लावायची ती, दिवसातून चारदा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, मानेला भोक ठेवू, तिथून श्वास घेतील. भिमा बाकावर बसून होती. ती म्हणाली, "नाय."

"आगो, नाय काय? जीव वाचतो."

"पेटी काढल्यावर मांडवात मी काय करू? पत्रावळ्या वाढू?"

मग मी जे बोललो ते माझ्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं. मी म्हटलं, "तुझा आवाज माझ्याकडं हाय. हजार लग्नांत भरून ठेवलाय. कापू दे त्यांना काय कापायचा तो. घरी गेलो की तुला तुझाच धवळा ऐकवतो. टीव्हीवर. अंथरुणात पडल्या पडल्या."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "हजार?"

"दीड हजार."

"बरा," ती म्हणाली आणि कागदावर सही केली. चौथी शिकलेल्या बाईची मोठ्या अक्षरांतली सही.

तर ते खोकं असं घरात आलं.

माझ्याकडे माल होता तो तीन पेट्या भरून: जुन्या मोठ्या कॅसेटी, नंतरच्या लहान कॅसेटी, सीडी, डीव्हीडी. काहींना बुरशी, काहींत मुंग्यांची वसाहत. हे सगळं एका जागी आणायचं, आणि भिमाने कॉटवरून रिमोट दाबला की हवं ते लग्न समोर यायला हवं. आमचा जावई दिनेश उंबरमाळीचा. ठाण्याला एका ऑफिसात असली मशीनं सांभाळतो. तो रविवारी आला. जावयाला आमच्याकडे पाटावर बसवतात, कोंबडी कापतात, उलटून बोलत नाहीत. त्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

"मामा, आधी काय पायजे ते सांगा. मशीन मागून."

"मोठ्यात मोठा आण. कल्याणला दुकानात बघितला मी, आतून लाल-निळे दिवे लागतात. आपली वरात पण फिकी पडंल."

"ते खेळणाऱ्या पोरांचं. वीज खातं आणि गरम होतं. तुम्हाला चोवीस तास गुमान बसणारं पायजे. वरातीतला घोडा नको, नांगराचा बैल पायजे."

मग त्याने पिशवीतून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक हिरवी पाटी काढली. म्हणे हाही एक कॉम्प्युटरच. मी ती तळहातावर ठेवून बघितली. यात हजार लग्नं? यात नवरीची नथ मावायची नाही. दिनेशलाही ती फारशी पसंत नव्हती. डिस्का बाहेर वायरीवर लोंबणार, आणि आमच्या घरात पालींचा जो राबता आहे तो बघता आठ दिवसांत एखादी पाल त्यात संसार थाटणार. शेवटी भातसानगरच्या वसाहतीतून बदली होऊन गेलेल्या एका साहेबाचं जुनं ऑफिसातलं खोकं मिळालं. काळं, चपटं, पितळी डब्यासारखं जड.

"चिप जुनी हाय, पण व्हिडिओ टीव्हीला झेपेल तसा चालता चालता बदलून द्यायची ताकद तिच्यात हाय," दिनेश म्हणाला. "मेमरी आठची, बास झाली. खर्च करायचा तो डिस्कांवर. दोन घ्या, सारख्या. दोन्हींवर एकच माल. एक गेली तरी दुसरी हाय. आणि तिसरी भरून मी उंबरमाळीला नेऊन ठेवतो."

"तिसरी कशाला? चोर काय लग्नं चोरून नेणार?"

"आग लागली तर?"

"आमच्याकडं कशाला आग लागते?"

त्याने दाराबाहेर धुमसणाऱ्या शेताकडे नुसतं बोट दाखवलं. "तुमी तर दरवर्षी सोताच लावता."

कॉटवर भिमा हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता. मानेवरचं ओलं फडकं तेवढं हललं. तिच्या उशाशी एक पाटी-पेन्सिल असायची आणि एक स्टीलची वाटी. नखाने वाटी एकदा वाजवली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाय. हे तिनेच ठरवलं होतं. आता तिने एकदा वाजवली. तिसरी डिस्क मंजूर झाली.

बॅटरीवर वाद झाला नाही. आमचं व्होल्टेज उन्हाळ्यात इतकं पडतं की दिवा लागलाय का ते बघायला काडी पेटवावी लागते. त्यात वीज अचानक गेली तर डिस्क लिहिता लिहिता अर्ध्यात मरते, म्हणून मध्ये बॅटरी पाहिजेच.

मग राहिला आतला कारभार. दिनेश म्हणाला, लिनक्स. त्याला पैसे पडत नाहीत, जुन्या मशीनवर हलकं चालतं, आणि एकदा लावून दिलं की त्याला ना पडदा लागतो ना माऊस. मी विचारलं, त्याची निशाणी काय? म्हणाला, पेंग्विन. मी म्हटलं, बर्फातलं पाखरू मुरबाडच्या उन्हात घालतोस, जगेल का ते? त्यातही त्याने डेबियन नावाचा प्रकार निवडला. सावकाश चालतो पण पडत नाही म्हणाला. आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे आपल्या व्हिडिओंना टीव्हीवर चित्रांच्या रांगेत मांडून दाखवणारी व्यवस्था. चित्रावर दाबा, लग्न सुरू. तो काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करत बसला होता आणि मी मागे उभा राहून समजल्यासारखी मान हलवत होतो. तीस वर्षं नवऱ्यामुलाच्या बापापुढे हलवली तशीच.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवर. माझ्या पेटीत चाळीसेक कच्च्या कॅसेटी होत्या. म्हणजे ज्यांच्यावर मूळ शूटिंग करायचो, त्यातून तयार कॅसेट बनवायचो आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्याच वापरायचो. फीत महाग. एका कॅसेटवर मी बारा-बारा लग्नं चढवली आहेत.

"या फेक," मी म्हटलं. "यात सगळं एकावर एक चढलंय. यात काय नाय."

"घ्या मामा, सगळं आत घ्या."

"आरे, रिकाम्या हायत म्हणून सांगतो."

"जागा हाय ना? जागा असताना फेकायच्या कशाला?"

जावयाशी किती भांडणार. कोंबडी शिजत आली होती.

कॅसेट आत घ्यायला घाई चालत नाही. तासाची कॅसेट तासच घेते. फीत तिच्या चालीने फिरणार, तार तिच्या चालीने खोक्यात ओतणार. तो सगळा फाल्गुन आम्ही दोघं त्या खोलीत होतो. दाराला ओलं गोणपाट, खिडकीला ओलं गोणपाट. धूर तरीही यायचा. नाकातून श्वास घेणाऱ्याला नाक थोडं तरी गाळून देतं. तिला गाळणी नव्हती. मानेवरचं फडकं मी तासातासाला धुवायचो. मधोमध, श्वासाच्या जागी, काळा रुपयाएवढा डाग असायचा. खोक्याच्या जाळीलाही मी तसंच फडकं बांधलं होतं आणि त्यावरही तसाच डाग. कधी कधी दोन्ही फडकी एकाच बादलीत पडायची आणि कुठलं कुणाचं ते मला कळायचं नाही.

कॅसेट संपून यंत्र खट् झालं की ती वाटी वाजवायची. मी पुढची घालायचो. तिचं वजन उतरत होतं. आकडा मी बघत नव्हतो, बांगड्या बघत होतो. आधी मनगटावर असायच्या, मग कोपरापर्यंत जायला लागल्या.

चैत्रात एका दुपारी पहिल्यांदा टीव्हीवर ती रांग लागली. लहान लहान चित्रं, प्रत्येकात एक नवरा आणि एक घाबरलेली पोर. वर कोपऱ्यात खोक्याने आकडा लिहिला होता: तीनशे बारा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी लग्नं मोजली होती. भिमाने टीव्हीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग हवेत एकावर तीन शून्यं काढली आणि फडकं धरून हसत राहिली.

"बाकीची भिजली गो पुरात," मी म्हटलं. दोन टिचक्या.

मी शहापूरकडचं एक लग्न लावलं, तिच्या ऐन बहरातलं. हळदीचा मांडव. हिरवं लुगडं, कानावर हात, डोळे मिटलेले. तिने तोंड उघडलं, आणि आतून एका पुरुषाचा आवाज आला. सिनेमातलं गाणं. मागे बासरी.

मी हसलो. म्हटलं, ही एक तशी निघाली. दुसरं लावलं. तिने तोंड उघडलं, आतून बाई आली, पण ती मुंबईच्या स्टुडिओतली. तिसरं. तिसऱ्यात नवरा-नवरी भातसा धरणाच्या पाण्यातून कमळात बसून वर येतात, ही माझी करामत. तिच्यासाठी लोक वासिंदवरून मला शोधत यायचे. कमळामागे भिमा गात होती, आणि ऐकू येत होती दुसऱ्याचीच ढोलकी. पाचवं, नववं, सतरावं.

तेव्हा मला माझंच टेबल आठवलं. समोर मिक्सर, त्यावर आवाजाची पट्टी. गिऱ्हाईक शेजारी बसून म्हणायचं, "भाऊ, तो बायकांचा कलकलाट काढा, जरा चांगली गाणी टाका." आणि मी ती पट्टी खाली ओढायचो. सफाईने, एका बोटाने. माझं नावच होतं त्यासाठी. अख्खं आयुष्य मी तिचा आवाज एका बोटाने खाली ओढत आलो होतो, आणि मूळ कॅसेटवर पुढचं लग्न चढवत आलो होतो. मांडवात ती गायची तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन असायचे. त्यात मी ऐकायचो काय, तर खरखर येत नाही ना.

दिनेशला फोन केला. तो म्हणाला, "मामा, खोकं जे दिलं तेच परत देतं. न दिलेलं कुठून आणणार?"

टीव्हीवर कुणाची तरी वरात चालली होती. भिमाने पाटी घेतली आणि लिहून माझ्यापुढे धरली. 'म्हायती होतं.'

"काय म्हायती होतं?"

तिने टीव्हीकडे बघितलं. खरंच की, तिला ठाऊक असणारच. घराघरांत तिला बोलावून लोकांनी त्या कॅसेटी कौतुकाने दाखवल्या होत्या. चहा पीत, तोंडाला पदर लावून, तिने स्वतःला मुकं बघितलं होतं. मला कधी बोलली नाही.

"मग तिथं बाकावर हो कशाला म्हणालीस?"

तिने पाटी फडक्याने पुसली, पेन्सिलीला थुंकी लावली. 'तुमी रडत होते.'

मी रडलो नव्हतो, असं मी तोवर सगळ्यांना सांगत आलो होतो.

त्यानंतर काही दिवस मी टीव्ही लावला नाही. मग एका दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, त्या कच्च्या कॅसेटी बघायला बसलो. दिनेशने आत घ्यायला लावलेल्या. चढवाचढवीचा चिखल होता नुसता: एका नवऱ्याचं डोकं, दुसऱ्याची वरात, मध्ये निळी रेघ. पण एक गोष्ट मी विसरलो होतो. कोरी कॅसेट पहिल्यांदा वापरली की शूटिंग अगदी सुरुवातीपासून व्हायचं. पुन्हा वापरताना सुरुवातीची फीत चुरगळलेली असते, म्हणून मी ती थोडी पुढे सरकवून मग बटण दाबायचो. कारागिराची सवय. म्हणजे प्रत्येक कॅसेटच्या तोंडाशी पहिल्या लग्नाचा एक तुकडा शिल्लक होता. कुठे तीन सेकंद, कुठे पाच. बहुतेकांत मांडवाचं कापड, कुणाचे तरी पाय, हॅलोजनचा भपकारा.

एकोणिसाव्या कॅसेटीत भिमा होती. फिल्मी गाणं नाही, बासरी नाही. मांडवातली कुजबुज, लांब कुठे कुत्रं, कुणीतरी "गप रं" म्हणालं. तिने हात कानावर नेला. डोळे मिटले. आणि श्वास घेतला. नाकातून, भरून, छातीच्या तळापर्यंत जाणारा, धवळ्याच्या पहिल्या ओळीला पुरेल एवढा. तो ऐकू आला, स्पष्ट. ओठ उघडले, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नातला बँड सुरू झाला.

चार सेकंद. मी पुन्हा लावलं. श्वास, ओठ, बँड. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी मी बँड यायच्या आत थांबवलं, आणि खोलीत शांत झालं.

मागे वाटी वाजली. मला वाटलं, एक टिचकी, म्हणजे हो. पण ती थांबली नाही. मी वळलो. भिमा उशीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, उजवा हात कानावर, आणि डाव्या हाताच्या नखाने ती वाटीवर ठेका धरत होती. तिचे ओठ हलत होते. टीव्हीवर जिथे ती थांबली होती तिथून तिने पुढे धरलं होतं. मानेवरचं फडकं आत-बाहेर होत होतं. ठेका कुठे अडखळायचा, कुठे दोन पावलं मागे यायचा, मग पुन्हा धावायचा. अख्खा धवळा म्हटला तिने. शेवटी वाटी पालथी घातली.

कॅमेरा भिंतीला खुंटीवर होता. माझ्यापासून तीन हातांवर. बॅटरी भरलेली.

मी उठलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी तिपाई लावली, दिवा लावला, कॅमेरा नीट रोखला आणि म्हटलं, "भिमे, कालचा एकदा परत वाजव." दोन टिचक्या. परत विचारलं. दोन. मग तिने पाटीवर लिहिलं, 'पुरा झाला.' ते मला कळायला हवं होतं. धवळा अर्धा तोडत नाहीत, आणि एकदा पुरा झाला की त्याच मांडवात पुन्हा म्हणत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणायचा तर दुसरं लग्न लागतं. मी कॅमेरा बंद केला. आषाढात, गावात आवणी चालू असताना, ती गेली. खोकं त्या दिवशीही चालू होतं. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

आता दिनेश आला की खोक्याची तब्येत बघतो. दोन्ही डिस्का ठणठणीत आहेत म्हणतो, आणि तिसरी उंबरमाळीला कपाटात, फडक्यात गुंडाळून. म्हणजे ते चार सेकंद तीन डिस्कांवर सुखरूप आहेत.

पंख्याची पाती पुसून झाली. झाकण लावलं, स्क्रू पिळले, बटण दाबलं. बाहेर शेजाऱ्याचा राब अजून धुमसतोय, ओल्या गोणपाटाच्या फटीतून धूर आत येतोय. टीव्हीवर रांग लागते. तीनशे बारा लग्नं, आणि शेवटी एक काळं चित्र, त्याला नाव दिलेलं नाही. मी ते लावतो. कुजबुज, कुत्रं, "गप रं." हात कानावर. श्वास.

तिथे मी थांबवतो आणि वाटी हातात घेतो. नखाने वाजवून बघतो. दोन टिचक्या होतात. त्यापुढे मला येत नाही.